हाराची जागा

आमच्या शहापूर तालुक्यात माणूस जाणार आहे हे डॉक्टरच्या आधी फोटोवाल्याला कळतं. घरातलं म्हातारं खंगायला लागलं, गाल आत गेले, सदरा अंगावर लोंबायला लागला, की मुलगा एक दिवस बाजाराच्या निमित्तानं तालुक्याला येतो. स्टुडिओच्या पायरीवर चप्पल काढतो, इकडंतिकडं बघतो आणि खालच्या आवाजात म्हणतो, "बाबाचा एक फोटो काढून ठेवायचा व्हता." पुढचं त्याला सांगावं लागत नाही. फोटो मोठा करायचा, चौकटीत घालायचा आणि ट्रंकेत कपड्यांच्या खाली ठेवून द्यायचा. वेळ आली की बाहेर काढायचा.

म्हाताऱ्याला अर्थातच यातलं काही कळू द्यायचं नसतं. त्याला सांगायचं, कागदाला लागतोय. रेशनच्या, मतदानाच्या, निराधारच्या पगाराच्या, कसल्याही. सरकारी कागदाचं नाव काढलं की माणूस मुकाट्यानं ताठ बसतो. ही थाप शोधून काढली बाळाराम फोटोवाल्यानं, आणि तो गेल्यावर त्याच्या बायकोनं, वंदनानं, ती पुढं चालवली. आपण थाप मारतोय असं तिला कधी वाटलंच नाही. हा धंद्यातला रिवाज होता.

बाळारामचे या फोटोचे नियम ठरलेले होते. मागं निळा पडदा. माणूस छातीपर्यंतच घ्यायचा. हसू द्यायचं नाही. आणि डोक्याच्या वर आणि खांद्यांच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा मोकळी सोडायची. ती हाराची जागा. कॅमेऱ्याशेजारी डाव्या हाताची चार बोटं उभी धरून, एक डोळा मिटून बाळाराम ती जागा मोजायचा. त्याचं बघून वंदना शिकली, आणि तिचं बघून मुलगा रत्नदीप. दहाव्या वर्षी पोराला गणित येत नव्हतं, पण हाराची जागा बरोबर मोजता येत होती.

एवढं करून, सत्त्याण्णव साली बाळाराम स्वतः काविळीनं दीड महिन्यात गेला तेव्हा घरात त्याचा एक धड फोटो नव्हता. जन्मभर कॅमेऱ्याच्या मागं उभ्या राहिलेल्या माणसाचा फोटो काढणार कोण? पुण्यानुमोदनाच्या विधीला एका लग्नाच्या ग्रुपफोटोतून त्याचं तोंड कापून मोठं केलं. ते धुरकट आलं, आणि डाव्या खांद्याशी दुसऱ्याच कुणाचा तरी कान आला. तो फोटो अजून भिंतीवर आहे. तो कान कुणाचा, यावर घरात आजपर्यंत एकमत झालेलं नाही.

त्यानंतर स्टुडिओ वंदनानं एकटीनं चालवला. वाड्या-पाड्यांवरची माणसं तिला फोटोबाय म्हणायची. पण स्टुलावर बसून बसून, चहात साखर आणि ताटात भात घेऊन घेऊन फोटोबायचं वजन वाढत गेलं. डोंगरावरच्या वाड्यांना जाणं आधी कमी झालं, मग बंदच झालं. जे म्हातारं खाली उतरू शकत नव्हतं, ते बिनफोटोचं जायचं. ते वंदनाला लागायचं, पण गुडघ्यापुढं इलाज नव्हता.

दोन हजार पाच साली रत्नदीप तिला ठाण्याला घेऊन गेला. सातव्या मजल्यावर फ्लॅट, लिफ्ट, गॅलरीत तुळस. सून पिंकी स्वभावानं चांगली, पण सकाळी आठला दोघंही कामाला जायची आणि वंदना एकटी भिंतींकडे बघत बसायची. तिथल्या डॉक्टरनं गुडघ्याचा एक्सरे उजेडावर धरला आणि म्हणाला, "वाट्या बदला, नाहीतर वजन उतरवा." वंदनानं विचारलं, "उतरवलं तर डोंगर चढता येईल?" डॉक्टर हसला. या वयात डोंगर कशाला, म्हणाला. त्या हसण्याचा तिला असा राग आला की घरी येऊन तिनं चहातली साखर बंद केली ती कायमची.

सोसायटीच्या बागेत रोज संध्याकाळी तीस-चाळीस माणसं गोल-गोल चालत असत. कुणालाच कुठं पोचायचं नव्हतं. वंदनाला पहिल्यांदा हसू आलं, मग तीही त्यांच्यात चालायला लागली. शहराची एक गोष्ट तिला आवडली. तिथं तुम्ही कोण, कुठल्या, नवरा कसा गेला, काही कुणी विचारत नाही. चार किलो उतरले तेव्हा ट्रॅकसूटवाली एक बाई तिला म्हणाली, "काय छान मेंटेन केलंय हो!" वंदनाला नीटसं कळलं नाही, पण दिवसभर बरं वाटलं. स्टेशनवर वजनाचं मशीन होतं. रुपया टाकला की लाल-पिवळे दिवे फिरायचे आणि खडखड करून तिकीट पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. पहिलं तिकीट अठ्ठ्याऐंशीचं होतं. मागं लिहिलं होतं, 'तुम्ही शांत स्वभावाचे आहात.' मशीनला माणसं कळत नाहीत एवढं तिला तेव्हाच कळलं.

तीन महिन्यांनी ती बॅग भरून परत आली. हाताला काम नाही तो दिवस कसला, एवढंच ती रत्नदीपला म्हणाली. शहापुरात आल्यावर तिनं रोज पहाटे आसनगाव स्टेशनपर्यंत चालत जायचं आणि चालत यायचं धरलं. भात एक मूद, तोही दुपारी. रात्री नाचणीची भाकरी आणि पालेभाजी. ज्या मुलखात भात खाल्ला नाही तर जेवलो असं वाटत नाही, तिथं हे करणं म्हणजे चेष्टा नाही. पहिले दोन महिने ती रोज भांडल्यासारखी झोपायला जायची. पण वजन हटलं. दीड वर्षात आसनगावच्या मशीनचं तिकीट एकसष्टवर आलं.

आणि इथंच घोटाळा झाला. शहरात बाई बारीक झाली तर डाएट विचारतात. आमच्याकडे दवाखाना विचारतात. आमच्याकडे माणूस दोनच कारणांनी वाळतो, खायला नाही म्हणून किंवा जायला निघालाय म्हणून. स्वतःच्या मर्जीनं कुणी वाळतं, हे शहापूरच्या बाजारपेठेला ऐकूनही माहीत नव्हतं.

शेजारची ठमी तर रोज दारात उभी. "गो वंदे, खरं सांग, काय झालाय तुला?"

"काय नाय गो. चालते रोज."

"चालून कोण वाळतंय? पोस्टमन जन्मभर चालतोय, त्याचं पोट बघ!" आणि ठमी डोळ्यांना पदर लावायची. कुणी अंडी आणून दिली, कुणी पायाचा रस्सा. एका लग्नात वंदना मांडवात शिरली तर बायका बोलता बोलता गप्प झाल्या. ती पर्समधून वजनाची तिकिटं काढून दाखवायची. लोक तिकीट बघायचे आणि मान हलवायचे. तारीखवार उतरत गेलेलं वजन बघून त्यांची उलट खात्रीच पटायची.

"भात सोडला तो काय मरायला?" वंदना घरी येऊन भिंतीवरच्या बाळारामला विचारायची. बाळारामला काय, कानासकट सगळं ऐकून घ्यायचा.

दोन हजार सहाच्या डिसेंबरात, एका शनिवारी, शेणव्याच्या पुढच्या डोंगरावरचा सुदाम स्टुडिओच्या पायरीशी चप्पल काढून उभा राहिला. "बाबाचा फोटो काढून ठेवायचा व्हता," म्हणाला. सुदामचा बाप बुधू. भाताची कापणी झाल्यापासून त्यानं अंथरूण धरलं होतं आणि त्याला खाली आणणं शक्य नव्हतं. "त्याला सांगितलाय, पगाराच्या कागदाला लागतोय म्हणून. पर वर येनार कोन?"

"मी येते उद्या," वंदना म्हणाली.

सुदामनं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुमी? नको बाय. तुमचीच तब्येत..." त्यानं वाक्य अर्ध्यावर सोडलं. वंदनानं ते ऐकलं आणि गिळलं. तिला राग यायच्या ऐवजी आनंदच जास्त झाला होता. याच चढासाठी दीड वर्ष तिनं जीव आटवला होता. तिनं कॅमेरा पुसला, रोल भरला, निळा पडदा घडी करून पिशवीत टाकला.

रविवारी सकाळी ती निघायच्या तयारीत होती तेवढ्यात रत्नदीप दारात. एका हातात फळांची पिशवी, दुसऱ्या हातात नवाकोरा डिजिटल कॅमेरा. एकटाच आला होता, न कळवता. आईकडे बघवत नसल्यासारखा तो इकडंतिकडं बघत होता.

"आई, जरा स्टुलावर बस ना. सीनियर सिटिझनच्या कार्डाला फोटो लागतोय."

"मला आत्ता अठ्ठावन्नावं चालू आहे रे."

"आधीच करून ठेवलेलं बरं असतं."

वंदना बसली. बत्तीस वर्षांत त्या स्टुलावर ती कधी गिऱ्हाईक म्हणून बसली नव्हती. पोराला आपला फोटो काढावासा वाटला, याचं तिला मनातून कौतुकच वाटलं. रत्नदीपनं पिशवीतला पडदा काढून मागं लावला. "पदर नीट घे. सरळ बघ. हसू नको हं, कार्डाला चालत नाही." तिनं हसू आवरलं. आणि मग रत्नदीपनं कॅमेरा उजव्या हातात धरला, एक डोळा मिटला, आणि त्याच्याही नकळत त्याचा डावा हात वर आला. चार बोटं उभी राहिली.

 वंदना त्या चार बोटांकडे बघत राहिली. दोनशे-तीनशे माणसं तिनं या स्टुलावर, बाजेवर, ओट्यावर अशीच बसवली होती, त्यांना समोरून काय दिसतं ते तिला आज पहिल्यांदा कळलं. भीती वाटली, पण क्षणभरच. मग असा संताप आला की ती स्टूल पाडूनच उठली.

"कोणी सांगितलं तुला मी मरतेय म्हणून?"

"आई, तसं नाही..."

"बोटं कशाला मोजलीस मग? तुझ्या बापाची बोटं मी ओळखणार नाय?"

रत्नदीप मटकन खुर्चीत बसला. चौतीस वर्षांचा बाप्या, डोळे पाण्यानं भरले. ठमीकाकूचे आठवड्यात तीन फोन आले होते. तुझी आई अर्धी झालीय, रात्री भात नको म्हणते, रिपोर्ट लपवते. "आणि बाबांच्या वेळचं विसरलीस तू? आपलं फोटोवाल्याचं घर, आणि आपल्याकडेच फोटो नाही. मला त्या कानाकडे बघवत नाही गं. तुझ्या बाबतीत तसं नको व्हायला." मग त्यानं नाक पुसलं आणि उरलेलंही सांगून टाकलं. हा गाळा एक मोबाइल रिचार्जवाला भाड्यानं मागत होता. रत्नदीपनं त्याला उद्याचा शब्द दिला होता. आईला तो आजच ठाण्याला नेणार होता, सगळ्या टेस्ट करणार होता, आणि मग पुढं काय असेल ते.

वंदनाला पोराची माया दिसत होती. दिसत होती म्हणूनच जास्त राग येत होता. परक्यानं जिवंतपणी पुरलं असतं तर दोन शिव्या देऊन मोकळी झाली असती.

तिनं कमरेची किल्ली काढली आणि त्याच्या तळहातावर आपटली. "ही स्टुडिओची किल्ली. आता माझ्यासंगती बुधूच्या वाडीवर चल. वर पोचेपर्यंत मी एकदा जरी खाली बसले, तर किल्ली तुझी. गाळा रिचार्जवाल्याला दे, मला ठाण्याला ने, काय पाहिजे त्या टेस्ट कर. नाय बसले तर किल्ली माझी, आणि यापुढं माझ्या मरणाचं नाव काढायचं नाय. कबूल?"

"आई, तो दीड तासाचा चढ आहे!"

"कबूल की नाय ते बोल. आणि तो पडदा काढून घडी कर, स्टँड तू घे."

फाट्यावर जीपमधून उतरले तेव्हा ऊन चढायला लागलं होतं. पहिला अर्धा तास रत्नदीप पुढं होता आणि दर वळणावर थांबून, "बसतेस का?" विचारत होता. तिसऱ्या वळणानंतर तो विचारायचा बंद झाला. चौथ्या वळणानंतर तो मागं पडला. ऑफिसातली खुर्ची, कँटीनचे समोसे आणि लिफ्ट, सगळं त्याच्या श्वासातून ऐकू येत होतं.

वंदनाला दम लागला नाही असं नाही. उजवा गुडघा करकरत होता, पोटऱ्या भरून आल्या होत्या, आणि एका ठिकाणी पायाखालचा दगड निसटून खाली गडगडत गेला. तिथं एक सपाट कातळ होता, बसायला अगदी सोयीचा. तिनं त्या कातळावर हात टेकला, दहा श्वास मोजले आणि त्याला तसाच रिकामा सोडून पुढं निघाली. वरच्या वळणावरून तिनं खाली पाहिलं. रत्नदीप एका सागाखाली फतकल मारून बसला होता, स्टँड मांडीवर, तोंड उघडं, शर्टाची वरची दोन बटणं सुटलेली.

तिच्या रोलमध्ये मोजकेच फोटो होते, तरी त्यातला एक तिनं त्याच्यावर खर्च केला.

"आई, काय करतेस!"

"कागदाला लागतोय," ती वरून ओरडली.

वाडीवर बुधूला सुनेनं, भिमीनं, आंघोळ घालून, तेल लावून, कुणाची तरी पांढरी टोपी घालून अंगणात बाजेवर बसवलं होतं. म्हातारा खरंच वाळला होता. हाडं आणि डोळे, एवढंच उरलं होतं. पण डोळे लख्ख होते. सुदामनं कुडाच्या भिंतीवर निळा पडदा लावला. रत्नदीप तोवर पोचला आणि हंड्यातलं पाणी घटाघटा प्यायला. वंदनानं कॅमेरा डोळ्याला लावला. तिचा डावा हात आपोआप वर निघाला.

तो तिनं अर्ध्यावरच थांबवला. सकाळी आपण त्या बोटांकडे बघत होतो तसाच बुधू बघत होता. आजवर ज्या कामाला ती रिवाज म्हणत आली त्याची तिला लाज वाटली. तिनं कॅमेरा खाली घेतला.

"बुधूबाबा, हा फोटो पगाराचा नाय."

सुदामनं जीभ चावली. भिमी घरात पळाली. बुधू मात्र हसला. तोंडात दोनच दात होते.

"ठावा हाय गो. माझ्या बापालाबी तुझ्या नवऱ्यानं ह्योच सांगितला व्हता. रेशनचा कागद. त्यालाबी ठावा व्हता."

"मग बसलात कशाला मुकाट?"

"पोरांना बरा वाटतंय. आपला काय जातंय?"

"माझं जातंय," वंदना एकदम म्हणाली. आवाज इतका चढला की अंगणातल्या कोंबड्या बाजूला झाल्या. "मला सकाळी या माझ्या पोरानं असाच बसवला. मी नाय बसणार. तुमीपण बसायचं नाय. मरायचं तेव्हा मरा, पण फोटो तुमच्या मनासारखा काढायचा. सांगा, कसा पाहिजे?"

 असं बुधूला उभ्या जन्मात कुणी विचारलं नसावं. मग त्यानं टोपी काढून सुदामच्या हातात दिली. "ही माझी नाय. आन् मला हुबा काढ. पाय येऊ दे. ह्या पायांनी सगळा डोंगर तुडवलाय मी, त्यांचा फोटो कोनी काढला नाय."

सुदामनं त्याला धरून उभा केला. बुधूनं त्याचा हात झटकला आणि ओट्याच्या लाकडी मेढीला टेकून आपल्या बळावर उभा राहिला. पाय थरथरत होते. वंदनानं निळा पडदा ओढून काढला आणि मागं मागं जात राहिली, म्हाताऱ्याची टाचा फुटलेली पावलं काचेत दिसेपर्यंत. तिनं "हसू नका" म्हटलं नाही, आणि बुधू दोन्ही दात दाखवून हसला. एकच फोटो निघाला, आणि मग म्हातारा बाजेवर कोसळला. पण हसत कोसळला.

रत्नदीप हे सगळं बघत बसला होता. तो उठला, खिशातून किल्ली काढली आणि आईच्या हातात ठेवली. तिनं ती कमरेला खोचली.

"आता माझा काढ," ती म्हणाली. "फोटो नाय म्हणून तुझा जीव जातोय ना? काढ."

ती अंगणाच्या कडेला जाऊन उभी राहिली. मागं ज्या वाटेनं चढून आली ती वाट, चपलेवर लाल धूळ, पदर खोचलेला. रत्नदीपनं नवा कॅमेरा धरला, एक डोळा मिटला, आणि सवयीनं त्याचा डावा हात वर आला.

"बोटं खाली, रत्नदीप."

त्यानं हात खाली घेतला. "मग कसा काढू?"

"मागं हो. पाय आले पाहिजेत."

तो मागं सरकला. अजून मागं. गोठ्याच्या भिंतीला त्याची पाठ लागली.

"आले पाय. पण आई, आता तुझा चेहरा एवढासा दिसतोय. याला हार घातला तर तूच झाकली जाशील, हाराची जागाच नाही राहिली."

"तेच पाहिजे," वंदना म्हणाली. "काढ."